आग्र्याच्या सहलीची काशीयात्रा झाली

रविवार, १२ जानेवारी १९५८. मुलुंड.

पहिलं भाषण पार पडलं. सुधाच्या पुढच्या खोलीत सतरा बायका, चार पोरं आणि तिच्या शिवणवर्गाची दोन यंत्रं. (सुधाला यापुढे इथे सु. म्हणणार. तिच्याबद्दल रोजच लिहावं लागतं, शाई संपते.) विषय : प्रवास म्हणजे काय? म्हटलं, घराबाहेर पडला तो प्रत्येक जण प्रवासी नव्हे. स्वखुशीने निघायला हवं, पोट भरायला नव्हे, आणि परत घरी यायला हवं. बदली होऊन गेला तो नव्हे, पळून गेला तोही नव्हे. परगावी रात्र काढलीत तर प्रवास, दिवेलागणीला घरी आलात तर नुसती सहल.

सु.च्या सासूबाई, माई, मागून म्हणाल्या, "म्हणजे परत यायचं हे नक्की ना? मग ठीक."

खूप हसल्या सगळ्या. मीही.

घसा बसला. आईने हळदीचं दूध दिलं आणि विचारलं, "नाशिकचं सांगितलंस का?" कुजकी आहे आई. बारा वर्षं मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतेय आणि स्वतः नाशिकच्या पलीकडे गेलेली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान. असू दे. मे महिन्यात सहल निघाली की फिटेल ते.

बुधवार, १५ जाने.

तिळगूळ घ्यायला सु.कडे. मंडळाचं बोलणं झालं. मंडळ म्हणजे आम्ही दोघीच. माझी पुस्तकं आणि तिची माणसं. तिच्या शिवणवर्गाला भांडुप-घाटकोपरहून बायका येतात, त्यांनाच घेऊन निघायचं. नवरे नाहीत, दीर नाहीत. दिल्ली, आग्रा, फत्तेपूर शिक्री, जयपूर. पुढारी मी.

सु. म्हणाली, "एखादं देऊळ ठेव गं मालू. वाटेत मथुरा आहे."

"एकही नाही. देवळं घातलीस की ती यात्रा झाली. आपण नुसतं बघायला चाललोय. बघण्यासाठी बघणं. बायकांनी हे एकदा तरी करावं."

"तू म्हणजे अगदी..." आणि तिने हलवा तोंडात टाकला.

तीन वर्षं चाललंय हे आमचं. गच्चीवर चटई टाकून वेळापत्रक वाचायचं. ती स्टेशनं म्हणायची, मी त्या गावात काय आहे ते सांगायचं. ताजमहालाच्या पायरीवर दोघींनी शेजारी बसायचं, आणि पहिलं कोण बोलतं ते बघायचं. पैज लावलीय. सु.च हरणार.

रविवार, २६ जाने.

दुसरं भाषण : यात्रा. आज रंगलं. पूर्वी काशीला निघालेला माणूस घरच्यांचा कायमचा निरोप घ्यायचा, परत येईल याची खात्री नाही. बैलगाडी, पायी, तांड्याबरोबर. वाटेत धर्मशाळा, अन्नछत्रं, पाणपोया. परतलाच तर गंगेच्या पाण्याची पूजा आणि गावजेवण, त्याचं मावंदं. म्हटलं, आजची हॉटेलं आणि वाटाडे यांचे पूर्वज हेच : धर्मशाळेचा रखवालदार आणि घाटावरचा पंड्या. पंड्यांच्या वह्यांत आपल्या सात पिढ्यांची नावं सापडतात.

मग म्हटलं, बाईला वर्षानुवर्षं माहेराखेरीज एकच रजा होती, ती यात्रा. सासऱ्याला, नवऱ्याला, गावाला, कुणालाच तिला नाही म्हणता येत नव्हतं. देवाचं नाव पुढे करून बायका जग बघत आल्या.

सु.ने हे वहीत उतरवून घेतलं. ती सगळंच उतरवून घेते, पण याच्याखाली तिने रेघ मारली.

रविवार, ९ फेब्रु.

तिसरं. विलायतेत सरदारांचे मुलगे शिक्षण संपलं की मास्तर बरोबर घेऊन दोन-दोन वर्षं फ्रान्स-इटली हिंडत. पुढे आगगाडी आली. एका इंग्रज गृहस्थाने दारूबंदीच्या सभेला माणसं न्यायला गाडीच ठरवली, तिकीट, खाणं, बँड सगळं एकत्र. तिथून ठरीव सहलींचा धंदा निघाला. आपल्याकडे साहेबाने उन्हाळ्यासाठी महाबळेश्वर, माथेरान वसवली. आणि कामगाराला भरपगारी रजा मिळू लागली तेव्हा कुठे प्रवास हा श्रीमंतांच्या हातून सुटला.

घाटकोपरच्या राणेबाईंनी हात वर केला. नवरा गिरणीत, गाव मालवणकडे. "बाईनू, आमच्या घोवाक भरपगारी रजा गावता. आमी गावाक जातों. थंय मी घर सारवतंय, लाकडां फोडतंय, सासूचे पाय चेपतंय. मगे मी प्रवासी की कोण?"

याचं उत्तर? कुठल्याच पुस्तकात नाही ते. प्रामाणिकपणे सांगितलं तसं. बाई खूश झाल्या, जणू पहिलाच नंबर आला.

शनिवार, २२ फेब्रु.

फिरकीचा तांब्या घेतला. अंथरूण गुंडाळायचा होल्डॉलही, खाकी, पट्ट्यांचा. आईने दोनदा उघडून बघितला. हल्ली ती माझ्या खरेदीवर बोलत नाही, चांगलं लक्षण.

सु. चार दिवस दिसली नाही. वर्गाचं काम असेल.

रविवार, २ मार्च.

चौथं आणि शेवटचं. प्रवाशाने कसं वागावं, काय बघावं, कसं बघावं. शेवटी ताज. पुस्तकात आहे तसं सांगितलं : लांबून, रस्त्यावरूनच घुमट दिसू लागतो, आणि जवळ जाऊ तसा वाढत जातो. एकीच्या डोळ्यांत पाणी.

सु. पहिल्या रांगेत. मान डोलावत होती. संपल्यावर मिठी मारली, "झकास झालं गं," आणि लगेच आत गेली, दूध उतू जातंय म्हणून. निरोप घ्यायला थांबले, बाहेर आली नाही.

गुरुवार, ६ मार्च.

नीट लिहायचं ठरवलंय. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

शाळेतून आले तर राणेबाई ओट्यावर. हातात पिवळं पत्रक. त्यांना अक्षरं लागतात, जोडाक्षरं अडतात. "बाईनू, आमच्या सहलीचा कागद छापून इलो. सुधाताईन दिल्यानी. जरा वाचून दाखवा."

मी मोठ्याने वाचायला लागले. श्रीक्षेत्र प्रयाग, काशी, गया, अयोध्या, मथुरा-वृंदावन. महिलांसाठी पवित्र यात्रा. बरोबर घरचा आचारी. कांदा-लसूण वर्ज्य. सासू-सुनांनी निर्धास्त यावे. यात्राप्रमुख : सु.च्या नवऱ्याचे चुलते, भाऊकाका, निवृत्त रेल्वे अधिकारी. व्यवस्था : सौ. सुधा.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. शिक्षिकेची सवय, मधे थांबता येत नाही.

राणेबाई म्हणाल्या, "आनि तुमचां नाव खंय आसा?"

"नाहीये."

"छापूक इसारले काय?"

"नाही हो. इसारले नाहीत."

पत्रकाच्या तळाशी छापखान्याने तारीख घातली होती. दहा फेब्रुवारी. माझं तिसरं भाषण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. म्हणजे चौथ्या भाषणाला ती पहिल्या रांगेत बसली तेव्हा गठ्ठा आत कपाटात असणार.

शुक्रवार, ७ मार्च.

शाळेत गेले. शिकवलं. सातवीच्या मुली हसत होत्या, मग कळलं, नकाशा उलटा टांगला होता.

रविवार, ९ मार्च.

गेले. ती बटणं शिवत होती, मान वर केली नाही. मी पत्रक यंत्रावर ठेवलं.

"बस ना."

"बसायला आले नाही."

मग तिने सांगितलं, भराभर, पाठ केल्यासारखं. सतरांपैकी अकरा घरांनी नाही म्हटलं. कबरी बघायला बायका कशाला पाठवायच्या? आणि बरोबर कोण, तर बिनलग्नाची मास्तरीण. उद्या काही झालं तर हिला काय, हिला कोण विचारणार? "असं तोंडावर म्हणाले गं लोक. तुला कसं सांगू? मग मी काशी म्हटलं. आठवड्याच्या आत सतराच्या सतरा घरांतून हो आलं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर चौथं भाषण दिलं असतंस?"

"नाही."

"आणि भाषणं थांबली असती तर बायका पांगल्या असत्या. वाट लागली असती सगळ्याची."

खरं आहे तिचं. पांगल्या असत्या. म्हणून तर जास्त संताप आला. खोटं बोलत असती तर चार शब्द सुनावून घरी आले असते.

मग मी ते विचारलं. विचारायचं नव्हतं. "मग साधी यात्रेकरू म्हणून तरी मला घ्यायचंस."

बटण खाली पडलं, ते शोधत राहिली. मग म्हणाली, "काकांनी अट घातलीय. तू बरोबर असलीस की बायका त्यांचं ऐकणार नाहीत, तुझंच ऐकतील."

"आणि तू हो म्हणालीस."

"मालू, तूच शिकवलंस ना? देवाचं नाव पुढे करून बायका जग बघत आल्या. मी तेच केलं. तुझ्या एकटीसाठी सतरा जणींना घरी बसवू?"

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. पत्रक उचलून घरी आले. का उचललं कुणास ठाऊक, त्याचं मला काय करायचंय.

सोमवार, १० मार्च.

आईला माहीत होतं.

काल रात्री जेवले नाही तेव्हा म्हणाली, "सुधावर फार राग नको धरूस. बिचारी रडत होती." कधी रडत होती? तर तीन आठवड्यांपूर्वी. मी शाळेत असताना येऊन आईला सगळं सांगून गेली. आईने तिला चहा दिला, डोळे पुसले आणि मला सांगितलं नाही. आणि मी होल्डॉल आणला तेव्हा दोनदा उघडून बघितला.

"का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता वाटत नाहीये का?"

"तू इतकी आनंदात होतीस गं. म्हटलं, राहू दे चार दिवस."

एका घरात दोघी राहतो. आई आणि सु., दोघीही मला माझ्यापेक्षा चांगलं ओळखतात आणि दोघींनी मला मूर्ख केलं. सबंध चाळीत मीच एक होते जिला आपण कुठे जाणार आहोत हे माहीत नव्हतं. आणि भूगोल शिकवते.

शनिवार, २९ मार्च.

सु. दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी आत पेपर तपासत होते. पेपर नव्हते.

शुक्रवार, १८ एप्रिल.

सु.ने तिच्या मुलीला पाठवलं होतं. चिठ्ठी : "होल्डॉल कोऱ्यासारखाच असेल ना? माझा फाटलाय. नेऊ का? नाही म्हणालीस तरी चालेल. सु."

किती वेळ चिठ्ठी हातात धरून बसले. असं विचारायला काळीज लागतं, किंवा ते नसावं लागतं. शेवटी दिला. पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि पट्टे घट्ट केले. घरात दिसत होता तोवर मला त्याच्याकडेच बघावं लागत होतं.

तांब्या दिला नाही.

सोमवार, ५ मे.

गेल्या. सकाळपासून खिडकीतून टांगे ऐकतेय. स्टेशनवर गेले नाही. आई गेली. येऊन म्हणाली, सगळ्या नव्या चपलांत होत्या, आणि भाऊकाकांनी शिट्टी आणलीय. शिट्टी! हजेरी घेत होते फलाटावर. राणेबाईंनी माझी चौकशी केली म्हणे.

दुपारभर काही सुचलं नाही. पोलकं उसवून परत शिवलं.

मंगळवार, ६ मे.

वेळापत्रक न बघण्याचा निश्चय. दुपारी अडीचला : आत्ता सतना येऊन गेलं असेल.

रविवार, ११ मे.

काशीस जावे नित्य वदावे, असं म्हणतात. नुसतं म्हटलं तरी पुण्य लागतं. म्हणजे आमच्यासारख्यांची सोय पूर्वजांनी करून ठेवलीय. सतरा जणी गंगेत डुबक्या मारताहेत आणि मी मुलुंडला बसून पुण्य मिळवतेय, घाम पुसत.

मला देवाचा राग नाही. काशीचाही नाही. काशी म्हणून सांगितली असती तरी मी गेले असते, हे आज आंघोळ करताना लक्षात आलं. सगळा ताठा बाजूला ठेवून गेले असते. मला कुणी विचारलंच नाही.

शुक्रवार, १६ मे.

सु.चं कार्ड. काशीचा शिक्का. "घाट तू सांगितलेस तसेच. पंड्याच्या वहीत सासऱ्यांच्या आजोबांचं नाव सापडलं. भाऊकाका रोज शिट्टी वाजवतात. तू हवी होतीस."

तू हवी होतीस! अगं, मग?

सोमवार, २६ मे.

काल आल्या. आईने बातमी आणली. सगळ्या काळ्या पडल्यात आणि सगळ्यांचे आवाज मोठे झालेत.

रविवार, १ जून.

सु.कडे मावंदं. जाणार नव्हते. आई म्हणाली, नाही गेलीस तर लोक म्हणतील जळली. गेले. जळलेली असूनही गेले.

गंगाजलाचे गडू पाटावर मांडलेले, फुलं, उदबत्त्या. गयेला आवडीची एक वस्तू सोडायची असते, त्याची चर्चा पंगतीत. माईंनी दुधी सोडला. त्यांनी तो जन्मात खाल्लेला नाही. भाऊकाकांनी विडी सोडली आणि जेवण झाल्यावर गच्चीवर जाऊन ओढली.

पंगतीच्या आधी काकांचं भाषण. "भगिनींनो, घराबाहेर पडला तो प्रत्येक जण प्रवासी नव्हे. बदली होऊन गेला तो नव्हे, पळून गेला तोही नव्हे..." शब्द न् शब्द. हातात सु.ची वही. पळून गेला यावर थांबायचं, मग हशा येतो, हेही त्यांनी साधलं. पण हशा आला नाही. सतरा बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पानाकडे बघत होते. सु. वाढत होती, माझ्या पानात तीन जिलब्या वाढून गेली. वर बघितलं नाही तिने.

तिन्ही खाल्ल्या. टाकून माजायचं नसतं.

बुधवार, ४ जून.

संध्याकाळी दारात राणेबाई आणि आणखी चौघी. चपला काढताना एकमेकींना ढोसत होत्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग एकदम सांगू लागल्या, आधी आवाज बारीक करून, मग कसला बारीक.

त्यांनी आग्रा पाहिलं.

मथुरेला रबडी खाऊन भाऊकाकांचं पोट बिघडलं. दोन दिवस धर्मशाळेत पडून. सु.ने आचाऱ्याला त्यांच्या उशाशी बसवलं, माईंना सांगितलं वृंदावनात दुसरी देवळं आहेत, दिवस लागेल, आणि पहाटेच्या गाडीने सोळा जणींना घेऊन निघाली. रात्री परत. शिट्टी तिनेच पिशवीत टाकून नेली होती, काकांना हजेरी घेता येऊ नये म्हणून.

राणेबाई म्हणाल्या, "बाईनू, तुमी सांगितलात, रस्त्यारसून दिसता. नाय दिसना. मोठो दरवाजो आसा, तो ओलांडीसर काय्येक दिसना नाय. मगे एकदम सगळां समोर. मी थंयच बसलंय. लोक वरडत होते, उठ, उठ. माका उठूक येयना."

"आणि मग?"

"मगे काय. माका वाटलां, ह्यां सांगूक बाईंका जाऊन भेटूक होयां. म्हनान इलंव."

दीड तास बसल्या. एकीने संगमरवराला हात लावला तर गार होता, बाहेर पाय भाजत होते तरी. एकीने यमुनेत पाणी किती कमी आहे ते सांगितलं. एकमेकींचं खोडत होत्या, भांडत होत्या. मी विचारत होते, त्या सांगत होत्या. बारा वर्षं मी सांगते आणि समोरचे ऐकतात. आज वर्गात मी बसले होते.

जाताना एकजण म्हणाली, "आमचा हा प्रवास की सहल हो बाई? रात्र नाही काढली आग्र्यात." सहल, म्हटलं. नियमाप्रमाणे सहलच.

गेल्यावर दार लावून रडले. त्यांच्यावर राग नाही, त्यांनी बघितलं याचा मला खरोखर आनंद आहे, आणि तो आनंद घशाखाली उतरत नाही. सु.ने माझ्याशिवाय ताज बघितला. एवढंच वाक्य आहे. काशी, पत्रक, काका, सगळं मी कधीतरी विसरेन. पायरीवर दोघींनी बसायचं होतं. कोण पहिलं बोललं ते त्या पाच जणींना विचारायचं राहिलं. मुद्दामच राहिलं.

रविवार, ८ जून.

सु. आली. होल्डॉल घेऊन. धुऊन, वाळवून, पट्ट्यांना तेल लावून. आई देवळात गेली होती, ती वेळ तिने साधली असणार.

"आग्र्याचं कळलं ना तुला?"

"कळलं."

"मी चुकले असं मी म्हणणार नाही, मालू. परत तेच करीन. पण मी आत गेले नाही. सगळ्यांना आत पाठवलं आणि दरवाज्याच्या अलीकडे चपलांपाशी बसून राहिले. विचार हवं तर."

खरं असेल तर मला तिची कणव यायला हवी. खोटं असेल तर ते तिने फार विचार करून आणलंय. राणेबाई यातलं काही बोलल्या नाहीत. सोळा जणींच्या गर्दीत कोण आत गेलं, कोण बाहेर राहिलं, कुणाचं लक्ष असतं?

मग तिने खरं काम काढलं. पुढच्या मे महिन्यात दक्षिण. रामेश्वर, मदुरा, आणि तिथून म्हैसूर, बागा आणि राजवाडा, तिथे देव नाही. भाऊकाका आता जाणार नाहीत. आणि बायका म्हणतात, बाई हव्यात. पुढारी मी.

"आणि अकरा घरं?"

"ती गप्प बसतील. एक गोष्ट करावी लागेल." पदराचं टोक पिळत होती. "मी सांगेन, तू रामेश्वराला नवस बोललीयस. नवस फेडायला जाणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही."

"कसला नवस?"

"कसला म्हणजे काय गं. तुझ्यासारखीचा कसला असतो?"

"मी छत्तीस वर्षांची आहे, सुधा."

"म्हणून तर. कुणी शंका घेणार नाही. दयाच येईल सगळ्यांना."

दया! मी लग्न केलं नाही ते मला करायचं नव्हतं म्हणून. दोन स्थळांना मी नाही म्हटलं, हे जगात तिला एकटीला माहीत आहे. सतरा घरांतल्या सासवांनी आता म्हणायचं, बिचारी, नवऱ्यासाठी रामेश्वराला निघालीय. आणि मी खाली मान घालून ऐकायचं, आणि पुढे होऊन तिकिटं दाखवायची.

"रविवारी सांग," म्हणाली. "या वेळी आधी तुला विचारतेय."

हो. या वेळी विचारलं, हे मान्य केलं पाहिजे.

बुधवार, ११ जून.

शाळा सुरू. नव्या आठवीला पहिला धडा, भारताचा नकाशा. रामेश्वरावर पट्टी ठेवली आणि पुढचं सांगायचं विसरले. मुली थांबून राहिल्या.

दोन दिवस नाही म्हणायची वाक्यं जुळवतेय. चांगली जुळलीत, धारदार. पण नाही म्हटलं तर पुढल्या वर्षी कुणीतरी शिट्टीवाला मिळेलच, बायका जातील, येतील, मला येऊन सांगतील. हो म्हटलं तर सु. जिंकली आणि मी तिला माफ केलं असं ती धरून चालेल. केलेलं नाही.

संध्याकाळी आई वाती वळत बसली होती. विचारलं, "आई, नवस बोलतात तो मनातल्या मनात चालतो, की देवापुढे मोठ्याने म्हणावा लागतो?"

आईचे हात थांबले. म्हणाली, "कसला गं?" आणि उत्तराची वाट न बघता, "बाई गं," म्हणून डोळ्याला पदर लावला. उठली, फडताळातून कोरी साडी काढली माझी, सणाची. "आधी हातपाय धुऊन ये. मोठ्याने म्हटलेला बरा. मी बसते शेजारी."

तिला काय वाटलं ते मला कळलं. सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. ती समई पुसायला लागली होती, गुणगुणत. किती वर्षांनी गुणगुणत होती.

मी न्हाणीत जाऊन पायांवर पाणी घेतलं.